शिजियाझ्वांगच्या प्रवासाची पूर्वतयारी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जालना येथे दिलेले भाषण)



परदेशाची एक सहल काढावी, असा विचार मंडळात गेले काही महिने चालू आहे. ती चीनमधील शिजियाझ्वांग ह्या शहरी न्यावी, अशी सूचना पुढे आली, तेव्हा बऱ्याच जणांनी ते नावच प्रथम ऐकले. त्या सूचनेची छाननी करून माहिती मांडण्याचे काम मजकडे सोपविण्यात आले. आयुष्यभर शाळेत शिकविले असल्यामुळे विषय पायरीपायरीने मांडण्याची सवय जडली आहे. ती आपण गोड मानून घ्यावी.

पहिला प्रश्न असा की, ह्याच शहरी का जावे? शिजियाझ्वांग ही हपे प्रांताची राजधानी. बेजिंगच्या नैर्ऋत्येस सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर ते वसले आहे. प्रवासी कंपन्यांच्या यादीत ते सहसा नसते. परंतु तेथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेला हा तरुण, जपानी आक्रमणाने पोळलेल्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून १९३८ साली तेथे गेला. बाकीचे परत आले, कोटणीस राहिले. १९४१ साली ते बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, ग्वो छिंगलान ह्या परिचारिकेशी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. व्ही. शांतारामांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे ही कथा घरोघर पोचली. परंतु समाधीपर्यंत पोचलेली मराठी माणसे थोडीच.

दुसरा प्रश्न आपल्यापैकी काहींनी परखडपणे विचारला, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. १९६२ चे युद्ध झाले, जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपल्या वीस जवानांनी प्राण दिले. मग आपला कष्टाचा पैसा त्या देशात का खर्चावा? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या भावनेचा मी आदर करतो. झालेले विसरा, असे मी म्हणणार नाही. परंतु शेजाऱ्याशी वाद असला, तरी त्याच्या अंगणात विसावलेल्या आपल्या माणसाला भेटण्याचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही. ज्याच्या मनास हे पटणार नाही त्याने येऊ नये. त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. पंढरीला वा काशीला निघालेल्याचा मार्ग शेकडो वर्षांच्या रहदारीने तयार झालेला असतो. काही अडल्यास सांगणारा भेटतो. जेथे आपले कोणी जात नाही तेथे मात्र सारा विचार घरूनच करून निघावे लागते. माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. व्हिसाच्या अर्जासाठी तिकिटे आणि मुक्कामाची नोंद लागते. म्हणून रद्द केल्यास पैसे परत मिळतील, अशाच अटीवर ती करावी. २०२० साली खंडित झालेली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता ते ग्वांगझौ ह्या मार्गाने पुन्हा सुरू झाली. ग्वांगझौ म्हणजे त्या काळचे कँटन. कोटणीसांचे पथक हाँगकाँगवरून तेथेच उतरले आणि पुढे हँकौला गेले. आज ग्वांगझौहून निघणारा वेगवान लोहमार्ग वूहानवरून, म्हणजे हँकौ ज्यात सामावले आहे त्या शहरावरून, शिजियाझ्वांगमार्गे बेजिंगला जातो. बेजिंगहून आगगाडीने यावे तर दीड तासाच्या आत पोचता येते. परंतु जाताना दक्षिणेचा मार्ग धरावा असे मी सुचवितो. एक दिवस अधिक खर्च होईल, पण त्या पथकाची वाट डोळ्यांखालून जाईल.

काळ एप्रिल-मे किंवा सप्टेंबर हा निवडावा. हिवाळ्यात तेथे पाणी गोठते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्षाचा काळ कटाक्षाने टाळावा. तेव्हा सारा देश प्रवासास निघतो आणि तिकीट मिळत नाही.

शिजियाझ्वांगला तीन दिवस द्यावेत. पहिला समाधीस्थानासाठी. तेथे 'कोटणीस' म्हणून विचारल्यास कोणास उमगणार नाही. चीनमध्ये त्यांना 'के दिहुआ' म्हणतात. हे नाव आणि मुक्कामाचा पत्ता चिनी लिपीत कागदावर लिहून प्रत्येकाने खिशात ठेवावा. दुसरा दिवस जवळच्या झंगदिंग गावासाठी. तेथील लुंगशिंग मंदिरात वीस मीटरहून उंच अशी अवलोकितेश्वराची कांस्यमूर्ती आहे. तिसऱ्या दिवशी झाओ परगण्यातील दगडी पूल पाहावा. ली छुन नावाच्या कारागिराने इसवी सन ६०० च्या सुमारास बांधलेली ती एकाच कमानीची रचना सदतीस मीटरांचे अंतर आजही तोलून धरते. मुलांना दाखविण्यासारखा ह्याहून उत्तम भूमितीचा धडा विरळा.

पैशाविषयी विशेष सांगतो. तेथे बहुतेक व्यवहार मोबाईलवर 'अलिपे' आणि 'वीचॅट' ह्यांच्याद्वारे होतात. परदेशी व्यवहारास चालणारे कार्ड त्यांस घरूनच जोडून घ्यावे. थोडे युआन रोखही जवळ असावेत. व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल तेथे बंद असतात. घरच्या मंडळींना हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे निरोप आला नाही म्हणून कोणी घाबरणार नाही. शाकाहाऱ्यांनी आपला आहार चिनी लिपीत लिहून न्यावा. कोरड्या चटण्या, लाडू न्यायचे तर तेथील जकातीचे नियम आधी पाहावेत. दूध-तुपाचे पदार्थ, फळे, भाज्या आणि बियाणे मुळीच नेऊ नयेत. आपला जिल्हा बियाण्यांच्या व्यापाराचा, म्हणून हे मुद्दाम सांगितले! औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असू द्यावी.

शेवटी दोन सूचना. कोणीही कर्ज काढून अथवा मुलांच्या शिक्षणाची शिल्लक मोडून येऊ नये. दोन वर्षे थांबल्याने समाधी कोठे जात नाही. आणि प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाबरोबर घरातील एक तरुण असावा. मोबाईलचे व्यवहार तो पाहील, आणि जाण्यापूर्वी चिनी भाषेतील वीस-पंचवीस शब्दही शिकून घेईल. ज्याने चिनी माणसाची सेवा त्याच्याच भाषेत केली, त्याच्या समाधीपुढे जाणाऱ्यांनी एवढे श्रम घेणे उचित होय.