डोळ्यांपुढील चिलटे : सोसावे केव्हा आणि धावावे केव्हा

(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात चिखलदरा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी संस्थेने मला आज्ञा केली. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर विज्ञान शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. परंतु आजचा विषय गेली बारा वर्षे माझ्याच डोळ्यांत मुक्काम करून आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तो मी समजून घेतला आणि जे समजले ते आपणापुढे ठेवतो.

आपल्याकडे माणूस म्हणतो, "डोयापुढं चिलटं उडून रायले जी." कोणाला माशी दिसते, कोणाला केस, कोणाला कोळ्याचे जाळे. इंग्रजीत यांना फ्लोटर्स म्हणतात. जुन्या वैद्यकीय ग्रंथांतील त्यांच्या लॅटिन नावाचा अर्थही 'उडणाऱ्या माश्या' असाच आहे. लॅटिन लिहिणारा वैद्य आणि मेळघाटातला शेतकरी, दोघांना उपमा एकच सुचली. यावरून हा त्रास किती जुना आणि किती सार्वत्रिक आहे हे ध्यानात येईल.

चिखलदऱ्याला तो अधिक जाणवतो. पावसाळ्यात धुके उतरले की समोरची दरी पांढऱ्या चादरीसारखी होते. उन्हाळ्यात देवी पॉइंटवर उभे राहिले की समोर मोकळे, लख्ख आकाश असते. अशा पांढऱ्या वा उजळ पार्श्वभूमीवर चिलटे ठळक दिसतात. त्यामुळे "इथल्या हवेने डोळे बिघडले" असे म्हणणारे भेटतात. हवेचा यात काही दोष नाही. सिनेमाचे चित्र पांढऱ्या पडद्यावर उमटते, म्हणून ते पडद्याने तयार केले असे आपण म्हणत नाही. धुके हा तसाच पडदा आहे.

मग ही चिलटे असतात कोठे? विद्यार्थी मित्रहो, आपला डोळा म्हणजे एक छोटा गोल आहे. त्याच्या पुढच्या भागात भिंग आहे आणि मागच्या भिंतीला आतून दृष्टिपटल, म्हणजे आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो तो, चिकटलेला आहे. या दोहोंमधील पोकळीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. त्याला काचाभ द्रव म्हणतात. तो सुमारे चार मिलिलिटर असतो आणि त्यात जवळजवळ सगळे पाणीच असते. पण त्या पाण्याला आकार देणारे अतिशय बारीक तंतू त्यात असतात. वय वाढते तसा हा पदार्थ पातळ होतो आणि तंतू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. बाहेरून येणाऱ्या प्रकाशात या पुंजक्यांची सावली पडद्यावर पडते. आपल्याला दिसते ती ही सावली होय. बाहेर काहीच उडत नसते.

याची प्रचिती प्रत्येकाने घ्यावी. एक डोळा झाकून आकाशाकडे पाहा आणि दुसरा डोळा उजवीकडून डावीकडे फिरवा. ठिपका डोळ्याबरोबर धावतो, डोळा थांबला तरी थोडा पुढे वाहत जातो आणि मग हळूहळू खाली उतरतो. हाताने हाकलून तो जात नाही. डोळे पूर्ण मिटून अंधार केला की दिसेनासा होतो. पाण्यात तरंगणाऱ्या काडीची चाल अशीच असते.

पन्नाशी-साठीनंतर हे फार लोकांना होते. दूरच्या चष्म्याचा उणे नंबर मोठा असणाऱ्यांना, डोळ्याला मार लागलेल्यांना आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना ते लवकर होऊ शकते. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे आपण मानतो. म्हणून यात करणी, नजर वा कोणाचा कोप शोधू नये. मध, कांद्याचा रस, झाडपाल्याचा अर्क डोळ्यांत घालू नये. पुंजका डोळ्याच्या आत खोलवर आहे, वरून घातलेला थेंब तेथे पोचत नाही. उलट बुबुळाला जखम होऊन असलेली दृष्टी जाण्याचा धोका असतो. चिलटे विरघळविणारे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही, तेव्हा तशा जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. फार मोठ्या त्रासात काचाभ द्रव काढण्याची शस्त्रक्रिया करता येते. परंतु तिच्यामुळे मोतीबिंदू होण्याचा व पडदा सुटण्याचा धोका असल्याने डॉक्टर साध्या चिलटांसाठी सहसा ती सुचवीत नाहीत.

मग करावयाचे काय? पहिल्याने दिसू लागली की एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. तपासणीत पडदा चांगला निघाला की मनातील भीती काढून टाकावी. मेंदू हळूहळू या सावल्यांकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. मला पहिले तीन-चार महिने वाचताना फार जड गेले. ओळीवरून काळी माशी सरकली की मन तिच्यामागे जाई. आता दिवसचे दिवस तिची आठवण होत नाही. वाचताना ठिपका नेमका अक्षरावर आला तर डोळे एकदा वर, एकदा खाली फिरवावे, तो बाजूला सरकतो. उन्हात टोपी वा गडद चष्मा वापरावा. मोबाइलचा पांढरा उजेड कमी करावा. मात्र रोज उठून "किती आहेत" म्हणून मोजत बसू नये. जो मोजतो त्याला ती जास्त दिसतात.

इथवर सोसण्याची गोष्ट झाली. आता न सोसण्याची सांगतो आणि आजच्या भाषणातले एवढेच आपण घरी नेले तरी चालेल.

काचाभ द्रव आकसताना कधी कधी पडद्यापासून ओढून सुटतो. बहुतेकांचे यात काही बिघडत नाही. परंतु अशी नवी लक्षणे अचानक सुरू झालेल्या दहा जणांमागे साधारण एकाचा पडदा त्या ओढीने फाटतो. त्या फटीतून पाणी मागे शिरते आणि भिंतीवरील ओला कागद सुटावा तसा पडदा सुटू लागतो. यात डोळा दुखत नाही, लालही होत नाही, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. खुणा अशा : एकाएकी पुष्कळ नवी चिलटे वा काजळीसारखा ठिपक्यांचा पाऊस, अंधारातही विजेसारखे चमकणे, बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखे वाटणे, किंवा एका डोळ्याची नजर अचानक मंदावणे. यांपैकी एकही खूण दिसली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. एकेक डोळा झाकून पाहण्याची सवय ठेवावी, नाहीतर चांगला डोळा दुसऱ्याचे दुखणे लपवितो.

नुसती फट असेल तर लेसरने तिच्याभोवती पडदा चिकटविता येतो आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. पडदा सुटला तर मोठी शस्त्रक्रिया लागते. एकेकाळी सुटलेला पडदा म्हणजे अंधत्वच होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वित्झर्लंडचे डॉ. ज्यूल गोनँ यांनी फट बुजविली की पडदा पुन्हा बसतो हे दाखवून दिले, तेव्हापासून हे डोळे वाचू लागले. पण ते वाचतात वेळेत पोचणाऱ्यांचे.

बंधू-भगिनींनो, आपली अडचण येथेच आहे. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव मोतीबिंदूची शिबिरे होऊ लागली. त्यांनी असंख्य लोकांना दृष्टी दिली. पण त्यामुळे डोळ्याचे दुखणे म्हटले की "शिबिर लागले की दाखवू", "थंडी पडू दे, मग पाहू" अशी सवयही लागली. मोतीबिंदू शिबिराची वाट पाहतो, पडदा पाहत नाही. म्हणून बाजाराच्या दिवसाची, कापूस वेचून होण्याची वाट न पाहता मिळेल त्या एस.टी.ने घाट उतरावा. अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. धारणी भागातील लोकांसाठी उतावलीच्या महात्मा गांधी आदिवासी रुग्णालयात डॉ. कविता सातव यांनी अनेक वर्षे नेत्रसेवा दिली आहे. नागपूर व सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहेत. गेल्याबरोबर "अचानक झाले" आणि "पडदा तपासा" हे दोन शब्द सांगावेत. बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसते, तेव्हा घाटात स्वतः मोटारसायकल चालवू नये, सोबत माणूस न्यावा.

आणखी एक गोष्ट डोंगरावर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही वेळा डोळ्यात वायूचा फुगा ठेवतात. तो विरून जाण्यास काही आठवडे लागतात. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, तर चिखलदरा अकराशेच्या आसपास आहे. एवढ्या चढणीत हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी होतो. वेफर्सचे बंद पाकीट घाट चढताना कसे फुगते हे आपण पाहिले आहे. तसाच डोळ्यातला फुगा वाढला तर डोळ्याचा दाब धोकादायक होऊ शकतो. म्हणून "माझे घर चिखलदऱ्याला आहे" हे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे आणि त्यांच्या परवानगीशिवाय घाट चढू नये. तोवर खाली नातेवाइकांकडे राहावे.

शेवटी मधुमेहाविषयी. मधुमेहाने पडद्यावरील नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि ते रक्त काळ्या धाग्यांसारखे तरंगताना दिसते. ते साधे चिलट नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टीही मंदावली होती, हे आपण सारे जाणतो. अशा अवस्थेत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. आज वर्षातून एकदा पडदा तपासून व साखर ताब्यात ठेवून बहुतेकांची दृष्टी वाचविता येते. ज्यांच्या घरी मधुमेही माणूस आहे, त्यांनी त्याला यंदाच तपासणीला न्यावे.

विद्यार्थी मित्रहो, आजी-आजोबांना तुम्ही विचारा : चिलटे जुनी की नवी? एका डोळ्यात की दोन्हीत? वीज चमकते का? जुनी, ओळखीची आणि एकदा तपासलेली असतील तर त्यांना धीर द्या. नवी आणि अचानक आलेली असतील तर त्याच दिवशी त्यांचा हात धरून एस.टी.त बसा. एवढे काम आपल्यापैकी दोघा-तिघांनी जरी केले, तरी या वस्तीतला एखादा डोळा वाचेल.