परमिटचा तंबू

(मंडळाच्या गणेशोत्सवातील 'अनुभवकथन' कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला "हवाईच्या सहलीबद्दल बोला" असे सांगितले. व्याख्यान देण्याची मला सवय नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून पी-वेला लागलो, तेव्हापासून बोलणे म्हणजे ब्लॉक मागणे आणि ब्लॉक का वाढला याचे उत्तर देणे. तेव्हा सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. जुलै २०२४ मध्ये विभागाची ना-हरकत मिळवून आम्ही दोघे आणि मुलगी त्याच्याकडे गेलो. तिथून पाच तासांच्या विमानप्रवासाने ओआहू हे बेट. होनोलुलू शहर याच बेटावर. हॉटेलचे भाव पाहून भाऊ म्हणाला, "दादा, तीन रात्री तंबूत काढू." आमच्या सौ.चा चेहरा पडला. "वीस वर्षं तुमच्या कॅम्पला डबे भरून दिले, आता सहलीलासुद्धा कॅम्पच का?" मी मात्र खूष. कॅम्प कोचमध्ये, उघड्यावर, पुलाखाली, कुठेही झोपलेला माणूस मी.

तुमच्यापैकी पुष्कळांची मुले तिकडे आहेत म्हणून तपशील सांगतो. हवाईत समुद्रकिनारा कोणाच्या मालकीचा नसतो. लाटेचे पाणी जिथवर चढते तिथवरचा किनारा कायद्याने सर्वांचा, मग मागे कितीही मोठे हॉटेल असो. पण रात्री तंबू ठोकायचा तर ठरलेल्या पार्कमध्येच आणि परमिट काढूनच. होनोलुलू महापालिकेच्या पार्कची परमिटे दोन आठवडे आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता संगणकावर उघडतात. आपल्या तत्काळसारखेच, तिकडेही काही मिनिटांत चांगल्या जागा संपतात! भाऊ आणि भावजय दोन संगणकांवर बोट ठेवून बसले होते. तीन दिवसांचे ३२ डॉलर. एका जागेत दहा माणसांपर्यंत चालतात. दारू नाही, जमिनीवर शेकोटी नाही, आणि परमिटचा कागद दिसेल असा लावायचा.

आम्हाला जागा मिळाली बेलोज येथे, वायमानालो गावाजवळ. वायमानालो म्हणजे पिण्याजोगे पाणी. ही जागा लष्कराच्या हद्दीत आहे, त्यामुळे कॅम्पिंग फक्त शुक्रवार दुपारी १२ ते सोमवार सकाळी ८. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्या ७ डिसेंबर १९४१ ला इथल्या धावपट्टीवरही विमाने आली होती, आणि दुसऱ्या दिवशी याच किनाऱ्यावर एका छोट्या जपानी पाणबुडीचा अधिकारी पकडला गेला. अमेरिकेचा तो पहिला जपानी युद्धकैदी.

आत शिरलो आणि सौ. म्हणाली, "अहो, हे तर दिवेआगर!" खरेच, किनाऱ्याला लागून सुरूचे बन. तोच वाऱ्याचा आवाज, खाली तोच काड्यांचा गालिचा. सुरू तिथला मूळचा नाही, बाहेरून आणून लावलेला. सकाळी उठवायला साळुंक्या. त्या १८६५ मध्ये हिंदुस्थानातून नेल्या. आणि डब्याशी घुटमळणारे मुंगूस! तेही मूळ आपल्याकडचे. कलकत्त्याहून जमैकाला गेले आणि तिथून १८८३ मध्ये उसातले उंदीर मारायला हवाईत आणले. उंदीर रात्री फिरतात आणि मुंगूस दिवसा. उंदीर राहिले, मुंगसाने तिथल्या पक्ष्यांची अंडी फस्त केली. कोणत्या खात्याने ही फाइल मंजूर केली असेल, असा विचार माझ्या मनात आला.

आता मुख्य गोष्ट.

शेजारच्या जागेत एक स्थानिक बाई होत्या. साठीच्या, अंगाने भक्कम. तिथे मोठ्या माणसांना सगळेच आंटी-अंकल म्हणतात, आपल्या काका-मावशीसारखे. मी तंबू ठोकत होतो तेव्हा आंटींनी सांगितले, "वाळूत खुंटी धरत नाही. पिशव्यांत वाळू भर आणि पूर." मी मान हलवली आणि खुंट्याच ठोकल्या. पी-वेवाल्याला जमिनीत काय धरते आणि काय नाही हे कोणी सांगायचे?

शनिवारी रात्री दोनच्या सुमारास ईशान्येचा वारा वाढला आणि मागच्या डोंगरावरून पाऊस उतरला. एका झटक्यात तीन खुंट्या निघाल्या. मुलगी झोपेत ओरडली, सौ. काही बोलली नाही आणि तेच जास्त लागले. तेवढ्यात आंटी आणि त्यांचा नातू बॅटरी घेऊन आले. त्यांची निळी ताडपत्री आमच्यावर ओढली, कडेला पाण्याचे कॅन ठेवले, पिशव्या पुरल्या. दहा मिनिटांत काम. गँगला शिकवावे असे.

सकाळी सौ.ने त्यांना पोहे नेऊन दिले. त्यांचे इंग्रजी मला अर्धेच कळत होते, भाऊ सांगत होता. मी सहज विचारले, "दर आठवड्याला येता?" त्या म्हणाल्या, "परमिट मिळालं तर. नाही मिळालं तर दुसरं पार्क. मधले दिवस व्हॅन." मला आधी समजलेच नाही. त्या कॅम्पिंगला आलेल्या नव्हत्या, राहत होत्या. एका शाळेत सफाईचे काम होते, पगार होता, पण त्या पगारात त्या बेटावर घरभाडे बसत नव्हते. त्यांचे पूर्वज त्याच बेटावरचे. बेटाच्या पश्चिमेला वायआनै येथे बोटींच्या धक्क्याजवळ अशा लोकांची तंबूंची मोठी वस्ती होती, हे भावाने नंतर सांगितले. तिथल्या लोकांनी २०२० मध्ये देणग्या गोळा करून जवळच्या खोऱ्यात सुमारे वीस एकर जमीन विकत घेतली. वर्गणीचे महत्त्व आपल्याला सांगायला नकोच.

मग आंटींनी मला विचारले, "तू काय करतोस?" म्हटले, रेल्वे. "तुमच्या रुळांशेजारी लोक राहतात?" म्हटले, हो. "मग त्यांना उठवतं कोण?"

मी म्हणालो, "त्याचं खातं वेगळं आहे."

इथे बसलेल्या सहकाऱ्यांना ठाऊक आहे की हे खोटे आहे. २०२२ मध्ये आपल्या सेक्शनमध्ये एका ठिकाणी झोपड्या काढल्या. हद्दीची मोजणी माझी, यादीवर सही माझी. जेसीबी आला त्या दिवशी मी छत्री घेऊन उभा होतो. ते काम करायला नको होते असे मी म्हणणार नाही. रुळापासून चार पावलांवर चूल पेटते आणि पोरे खेळतात, तिथे उद्या काही झाले तर जबाब मलाच द्यायचा आहे. पण मला खोटे बोलायची गरज का वाटली? त्या बाईचा माझ्याशी काय संबंध? भावाने माझ्याकडे पाहिले, कारण त्याला ठाऊक होते. तो काही बोलला नाही.

सोमवारी आठच्या आधी सगळे आवरायचे होते. आम्हाला एक तास लागला, आंटींचे पंधरा मिनिटांत झाले. भावजयीने तंबू देऊ केला, तर त्या म्हणाल्या, माझ्याकडे दोन आहेत. उरलेले तांदूळ मात्र घेतले. मुलीला मिठी मारली, मला हात दाखवला आणि व्हॅन फाटकाबाहेर गेली. डावीकडे वळली एवढे पाहिले.

परतीच्या दिवशी भावाने होनोलुलूची नवी मेट्रो दाखवली. ३० जून २०२३ ला सुरू झालेली, गाडीत चालक नाही, जवळजवळ सगळा मार्ग खांबांवर, स्टँडर्ड गेज. रूळ उत्तम, वेल्डिंग पाहण्यासारखे. ऑक्टोबर २०२५ पासून ती विमानतळापर्यंत जाते. त्याबद्दल मी तासभर बोलू शकलो असतो आणि सेक्रेटरींची अपेक्षाही बहुधा तीच होती.

आल्यावर मी एकच केले. त्या झोपड्यांतली माणसे कुठे गेली, ते आमच्या जुन्या ट्रॅकमनला विचारले. तो म्हणाला, "साहेब, पुढच्या फाटकापाशी आहेत. तुमच्याच हद्दीत." पुढची मोजणी येत्या डिसेंबरात आहे आणि ती माझ्याकडेच आहे.

आरतीची वेळ झाली आहे. परमिटबद्दल कोणाला विचारायचे असेल तर प्रसादाच्या वेळी भेटा, भावाने दिलेला कागद माझ्याजवळ आहे. आणि वाळूत तंबू ठोकणार असाल तर पिशव्या न्या.