चार स्टूल आणि एक सूप



पडद्यामागे घुंगरं बांधून मुली खोळंबल्या आहेत, हे मला दिसतंय. त्यामुळे फार लांबण लावत नाही.

मागे लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा वॉशिंग्टनचं राष्ट्रीय इतिहास संग्रहालय पाहिलं. राष्ट्राध्यक्षांच्या वस्तू, युद्धाची शस्त्रं, सगळं तिथे आहे. पण माझे पाय थबकले ते एका उपाहारगृहाच्या काउंटरपाशी. समोर चार स्टूल, मागे आरसा. एवढंच.

हा काउंटर ग्रीन्सबरो गावातल्या वूलवर्थ नावाच्या दुकानाचा. त्या दुकानात काळ्या माणसाने टूथपेस्ट विकत घेतली तर कोणाची ना नव्हती. पण या स्टुलावर बसून कॉफी मात्र मागायची नाही. 1 फेब्रुवारी 1960 रोजी एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड हे चौघे तिथे गेले. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पोरं, तुमच्याच वयाची. आधी किरकोळ खरेदी केली, मग स्टुलावर बसून कॉफी मागितली. मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत चौघे जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली. बघता बघता हे लोण गावोगाव पसरलं आणि जुलैत दुकानाला नमतं घ्यावं लागलं. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जो हक्क बजावला, त्याच जातकुळीचा हा लढा.

1993 मध्ये ते दुकान बंद पडलं. काउंटर भंगारात गेला असता. संग्रहालयाने त्याचा चार स्टुलांचा भाग मागून घेतला. शूर माणसं सगळीकडे असतात हो, पण त्यांची स्टुलं जपणारे थोडे.

आता आपल्या कामठीचं बोलू. ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर बघायला देशोदेशीचे लोक इथे येतात. इथली लष्करी छावणी 1821 ची, हे आपण त्यांना सांगतो. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास कामठीचे, हेही अभिमानाने सांगतो. त्यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली, 1937 मध्ये ते आमदार झाले आणि 1939 मध्ये, ऐन पस्तिशीत, गेले. त्यांचं नाव आपण जपलं. पण ज्यांच्यासाठी ते झटले, त्या बिडी कामगारांचं काय जपलं?

मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, पान कापायला कात्री आणि पत्र्याचा साचा. दिवसभर मान खाली घालून बिड्या वळायच्या. मजुरी हजाराच्या हिशेबाने. संध्याकाळी माल मोजून द्यायला गेलं की ठेकेदार त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढणार. त्यांचे पैसे नाहीत. याच कमाईतून इथल्या कितीतरी पोरांच्या फिया भरल्या गेल्या. ते सूप आज कुठे आहे? माळ्यावर नाहीतर भंगारवाल्याकडे.

म्हणून तुम्हाला एक काम देतो. घरात, शेजारी बिड्या वळलेली आजी असेल, तर तिच्यापाशी बसा. हजाराला काय मिळायचं, पत्ता कोण आणून द्यायचं, दिवे गेल्यावर काय करायचात, हे विचारा आणि मोबाइलवर तिच्याच आवाजात रेकॉर्ड करा. हातमागावर बसलेले आजोबा असतील, छावणीत काम केलेले कोणी असतील, त्यांनाही सोडू नका. सूप, साचा, जुनं मजुरीचं कार्ड, जे मिळेल ते मागून घ्या. वस्तू कोणाची, कोणत्या सालची, कशासाठी वापरली, एवढं तरी चिठ्ठीवर लिहाच. नाहीतर पुढच्या पिढीला ती नुसती अडगळ वाटेल.

पुढच्या वर्षी रांगोळी आणि चित्रांच्या प्रदर्शनाशेजारी या वस्तूंचं एक टेबल मांडा. उद्घाटन एखाद्या पुढाऱ्याच्या नाही, तर त्या आजीच्याच हस्ते करा. मला पाहुणा म्हणून बोलावू नका; मी आपणहून येईन आणि रांगेत उभा राहून बघेन.

बक्षीस मिळवलेल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. जय भीम, जय महाराष्ट्र!