पोरगी वाचते, पण सांगते का?

(बल्लारपूर येथील जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावाचं, कर्जाचं, विजेचं सकाळपासून बोलून झालं. मला बोलायचं आहे ते पहिली ते चौथीतल्या लेकरांच्या वाचनाबद्दल. कोणी चहाला उठत असेल तर उठू द्या. बायांनी मात्र बसावं.

नोकरीत होतो तेव्हा मी बोंडअळीवर एक पत्रक लिहिलं होतं. एका गावात शेतकऱ्यानं ते चौथीतल्या पोरीला वाचायला दिलं. तिनं घडाघडा वाचलं. 'प्रादुर्भाव', 'आर्थिक नुकसानीची पातळी', कुठं अडली नाही. बाप खूश. मग त्यानं विचारलं, 'कागद काय म्हणतो गं?' पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. चूक तिची नव्हती. 'अळी पडली' असं सरळ न लिहिणारा पदवीधर मीच होतो.

पण ही तरी अक्षरं वाचत होती. गावोगाव घरी जाऊन मुलांचं वाचन तपासणारी 'असर' पाहणी आहे. २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळेतल्या तिसरीच्या शंभरांपैकी सुमारे २३ मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. करोनानंतर २०२२ साली तर १६ जणांनाच.

आपल्याकडे आणखी एक अडचण. घरी गोंडी, माडिया, तेलुगू नाही तर झाडीबोली, आणि पुस्तकात पुण्याची मराठी. वाफसा नसताना पेरलं आणि उगवलं नाही, तर आपण बियाण्याला शिव्या देत नाही. पोराला मात्र 'ढ' म्हणून मोकळे होतो. वाचायला आधी शब्दांची ओल लागते. ती घरच्या बोलण्यातून, गोष्टीतून येते, मग भाषा कोणतीही असो. म्हणून जिला अक्षर येत नाही त्या मायचंही इथं काम आहे.

१९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं. पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. महागडी साधनं नव्हती, म्हणून पानं, खडे, बिया घेतल्या. आपल्या अंगणात सरकी आहे, चिंचोके आहेत. काय कमी आहे?

रात्री जेवणानंतर पाव तास काढा. पोरानं वाचावं, तुम्ही ऐकावं. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून 'हा कोणता?' विचारा. पाठ करून म्हणत असेल तर तिथंच कळतं. मग पुस्तक मिटा आणि 'काय झालं ते सांग' म्हणा. गोंडीत सांगितलं तरी चालेल. दंडार पाहून आलात, तर त्यातली गोष्ट त्याला सांगा. 'आमची गाय व्याली' असं पोर म्हणालं, की गुरुजींना तेच वाक्य पाटीवर लिहून द्यायला सांगा. स्वतःचं वाक्य पोर लवकर वाचतं. कापसाची काटापट्टी त्याच्या हातात द्या, वजन वाचू द्या. (त्यात तुमचाही फायदा आहे.)

वेचणीला पोरीला घरी ठेवू नका. मिरची तोडायला तेलंगणात जाताना लेकरं सोबत नेणार असाल, तर शाळेतून दोन पुस्तकं मागून न्या. दोन महिन्यांत जोडाक्षरं विसरली जातात.

पुस्तकं मागायला गेलं की पेटीला कुलूप असतं. ज्या बल्लारपुरात आपल्या जंगलातल्या बांबूचा कागद होतो, तिथल्या पोरांना वाचायला कागद नाही! पण गुरुजींवर एकदम तुटून पडू नका. पुस्तक फाटलं तर भरपाई कोण देणार, ही त्यांची भीती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत चारपैकी तीन सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या बाया. त्या समितीत ठराव घ्या: पुस्तकं घरी द्यायची, फाटलं तर गुरुजींकडून वसुली नाही. ठराव लिहून घ्या, सही करण्याआधी वाचून घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं एवढंच सांगावं, पेटी उघडली की नाही.