रिकाम्या फळीवर कोणते पुस्तक?
(पुणे येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



अलीकडे दीक्षा घेतलेल्या अनेक कुटुंबांच्या घरी जाण्याचा योग मला आला. देव्हारा गेला, पोथ्या गेल्या, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर आली. हे योग्यच झाले. परंतु जेथे पोथी असे ती फळी बहुतेक घरांत मला रिकामी दिसली. मुलांच्या हाती क्रमिक पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक नाही. रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नसते. जुने ते पुन्हा तेथे येऊन बसते.

बाबासाहेबांना बुद्ध प्रथम भेटला तो पुस्तकातूनच. शाळकरी भीमरावाच्या सत्कारप्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यास भेट दिले. ते वाचून त्या मुलाने वडिलांना सरळ विचारले की, आपण आम्हांस रामायण-महाभारत वाचावयास लावता, मग बुद्धाचे वाङ्मय का दाखविले नाही? सुभेदार रामजींनी कर्णाचे व वाल्मीकीचे उदाहरण देऊन समजूत घातली. मुलाचे समाधान झाले नाही. तेव्हा ते काही बोलले नाहीत. पोराच्या मनात बंड उठले आहे हे त्यांनी ओळखले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेविली आहे. आपले मूल असे विचारील तेव्हा आपण काय करणार, याचा विचार आजच करून ठेवावा.

लहान मुलांस जातककथा द्याव्यात. त्या पाचशेंहून अधिक आहेत, निवडून सांगाव्यात. हंस व वानर बोलतात ती गोष्ट होय, इतिहास नव्हे, हेही बरोबरच सांगावे. बारा-तेरा वर्षांच्या मुलास धर्मानंद कोसंबींचा ‘बुद्धलीलासारसंग्रह’ (1914) झेपेल. हे कोसंबी आपल्या पुण्यातच फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत असत. त्यांचे ‘भगवान बुद्ध’ मात्र थोरल्या मुलांसाठी राखून ठेवावे. बाजारातील बहुतेक बालचरित्रांत म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले असे असते. कोसंबींनी ही कथा ऐतिहासिक मानली नाही. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला तंटा हे गृहत्यागाचे कारण दिले. मुलाने दोन्ही वाचावीत व खरे कोणते म्हणून विचारावे. केवळ ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे कालामांस सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत.

मुलींसाठी एक लहानसा निबंध मी मुद्दाम सुचवितो. जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी तो लिहिला व 1855 साली ‘ज्ञानोदया’त तो छापून आला. वेद पाहण्याचाही अधिकार आम्हांस नसेल तर आम्ही धर्मपुस्तकावाचून राहिलो, मग आमचा धर्म तरी कोणता, हा तिचा प्रश्न होता. या शहरातील एका शाळकरी पोरीने तो विचारला आणि 14 ऑक्टोबर 1956 पर्यंत तो तसाच उभा होता. हा निबंध वाचावयास अर्धा तासही लागत नाही.

वयात आलेल्या मुलांस चां. भ. खैरमोडे यांच्या बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड (1952), बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शंकरराव खरात यांचे ‘तराळ अंतराळ’ द्यावे. काही पालक म्हणतात, ते अपमान पोरांना कशाला? मला हे पटत नाही. आजीने काय सोसले हे न कळलेल्या नातवास दीक्षेचा अर्थ कळत नाही. मात्र नुसते दुःखच वाचावयास देऊ नये. ‘श्यामची आई’ही खुशाल वाचू द्यावी, ते घर आपले नव्हे, पण पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून 1947 साली उपोषणास बसलेल्या माणसाने ते लिहिले आहे.

शेवटी संविधान. माझ्या धंद्यात मी रोज पाहतो की, कागद न वाचता सही करणारा नागवला जातो. सोळा वर्षांच्या मुलामुलींस अनुच्छेद 14 ते 17 मराठीतून नीट समजतात. पंधराव्यात विहिरी व तलाव यांचा उल्लेख येतो, तेथे थांबून 1927 च्या महाडची हकीकत सांगावी.

ज्या आजी-आजोबांस अक्षरओळख नाही त्यांनी नातवंडांकडून मोठ्याने वाचवून घ्यावे. येत्या पौर्णिमेस विहारात येताना प्रत्येक कुटुंबाने एक पुस्तक आणावे व दुसऱ्याचे घेऊन जावे. नोंदवही मी ठेवीन.

जय भीम.