नाव कागदावर येऊ द्या
(सातपुड्यातल्या एका पाड्यावर केलेले भाषण)



आज बाजाराचा दिवस नाही, म्हणून तुम्ही सगळे घरी सापडलात. आम्ही फार वेळ घेणार नाही. पण आज बोलायचे आहे ती गोष्ट घराघरात झाकून ठेवलेली असते. ती आज उघड्यावर आणू या.

काही मुले उशिरा मान धरतात. उशिरा बसतात. तीन वर्षांची झाली तरी बोलत नाहीत. काही मुलांना हाक मारली तरी ती वळून पाहत नाहीत. कान मात्र चांगले असतात. काहींचे हातपाय ताठ असतात. काहींचे वय वाढते, पण समज त्या मानाने वाढत नाही.

अशा मुलाला आपण काय म्हणतो? खुळा म्हणतो. वेडा म्हणतो. कुणी म्हणते, देव कोपला. कुणी त्याच्याही पुढे जातो आणि एखाद्या गरीब म्हातारीकडे बोट दाखवतो, की हिनंच नजर लावली.

मंडळी, हे खरे नाही. बाळंतपणात मूल वेळेवर रडले नाही, मेंदूला हवा कमी पडली, तर असे होते. जन्मल्यावर कावीळ फार वाढली, ताप मेंदूत गेला, तरी असे होते. पोटात असताना आईला मिठातून आयोडीन मिळाले नाही, तरी होऊ शकते. कधी कधी डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. पण यात आईचा दोष नाही, आणि शेजारच्या म्हातारीचाही नाही.

अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही गेलो होतो. घरात नऊ वर्षांची मुलगी होती. तिच्या पायाला दोरी होती आणि दोरीचे दुसरे टोक घराच्या खांबाला बांधलेले होते. आम्हाला राग आला. आम्ही तिच्या आईला विचारले, "बाई, पोटच्या पोरीला अशी बांधता?"

ती म्हणाली, "नाही बांधली तर ती नदीत जाते. चुलीत हात घालते. आम्ही दोघं शेतात गेलो तर तिच्याजवळ कोण बसंल? तुम्ही बसाल?"

आम्ही गप्प झालो. त्या बाईजवळ माया कमी नव्हती. माणूस कमी होते, आणि मदत कमी होती. पोरीसाठी त्यांनी बडव्याकडे दोन बोकड आणि किती तरी कोंबड्या दिल्या होत्या. दवाखान्यात मात्र तिला कधी नेले नव्हते. तिचे नाव रेशनकार्डावरसुद्धा नव्हते. सरकारच्या लेखी ती मुलगी जन्मलीच नव्हती.

इथेच खरी गोम आहे. कायदे झाले आहेत, पैसे ठरले आहेत, पण ज्याचे नाव कागदावर नाही त्याच्यापर्यंत त्यातले काही येत नाही. म्हणून नियम काय आहेत ते नीट ऐका.

पूर्वी १९९५ सालचा कायदा होता. त्यात सात प्रकारचे अपंगत्व धरले होते. पुढे २०१६ साली नवा कायदा झाला आणि २०१७ च्या एप्रिलपासून तो लागू झाला. त्यात एकवीस प्रकार आहेत. ज्यांची समज कमी वाढते त्यांना त्यात बौद्धिक दिव्यांग म्हटले आहे. बोलण्या-मिसळण्यात वेगळी असलेली मुले, म्हणजे स्वमग्न मुले, त्यात आहेत. हातपाय ताठ होणारा मेंदूचा पक्षाघात त्यात आहे. आपल्या जिल्ह्यात ज्याचा फार त्रास आहे, तो सिकलसेलचा आजारही त्यात आहे.

हा कायदा दयेची भाषा बोलत नाही. तो म्हणतो, हा माणसाचा हक्क आहे. सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला, त्याचे अपंगत्व शंभरात चाळीस किंवा जास्त असेल तर, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे. शाळेने 'याला आम्ही घेत नाही' म्हणून हाकलायचे नाही. चारचौघांत मुद्दाम अपमान करून त्याला खाली पाहायला लावले, तर तो गुन्हा आहे. त्याला कैद होऊ शकते. तेव्हा चावडीवर बसून वेड्या म्हणून खडे मारणाऱ्या पोरांना आजच समज द्या.

महाराष्ट्र सरकारने २०२२ सालच्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढला. त्याचे नाव दिव्यांग कल्याण विभाग. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळांसाठी 'दिशा' नावाचा अभ्यासक्रमही आला आहे. तो मुंबईच्या जय वकील संस्थेने तयार केला. ही संस्था १९४४ सालापासून अशा मुलांना शिकवते आहे. बघा मंडळी, मुंबईत ऐंशी वर्षांपूर्वी जी मुले शाळेत बसू लागली, तशीच मुले आपल्या डोंगरात अजून खांबाला बांधलेली आहेत.

आता पैशाचे ऐका. संजय गांधी निराधार योजना तुम्हाला माहीत आहे. तिच्यात २०१९ सालापासून महिना १,००० रुपये मिळत. २०२३ साली १,५०० झाले. २०२५ च्या सप्टेंबरात सरकारने ठरवले, की दिव्यांगांना महिना २,५०० रुपये द्यायचे. त्यासाठी अपंगत्व शंभरात चाळीस किंवा जास्त हवे, आणि घरचे वर्षाचे उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवे. अर्ज तहसील कचेरीत द्यायचा. पैसे बँकेच्या खात्यात येतात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. दाखला चुकला तर पैसे थांबतात.

एस.टी.च्या भाड्यातही सवलत आहे. चार रुपयांच्या जागी एक रुपया द्यावा लागतो. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न आणि मेंदूचा पक्षाघात असलेल्यांसाठी 'निरामय' नावाचा विमा आहे. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा औषधपाण्याचा खर्च मिळू शकतो.

ग्रामपंचायतीलाही जबाबदारी आहे. स्वतःच्या उत्पन्नातले शंभरात पाच रुपये तिने दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. डोंगरातल्या ग्रामपंचायतीचे उत्पन्न ते किती, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. थोडेच असते. पण थोडे असले तरी ते कुठे गेले, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. विचारणारा असला की हिशेब सरळ राहतो.

हे सगळे कुलूपबंद पेटीत आहे असे समजा. तिची किल्ली एकच आहे. ती म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र.

ते कसे काढायचे? आधी आधारकार्ड काढा. रेशनकार्डावर नाव घाला. दोन्हीवर नाव आणि जन्मतारीख सारखी आहे का, ते वाचून बघा. मग सेवा केंद्रावर जाऊन संगणकावरून अर्ज करा. त्याची पावती जपून ठेवा. नंतर सरकारी दवाखान्यात डॉक्टर मुलाला तपासतात आणि शंभरात किती अपंगत्व आहे ते लिहितात. २०२४ सालच्या नियमांप्रमाणे कार्डाचे तीन रंग आहेत. चाळीसच्या खाली पांढरा, चाळीसपासून ऐंशीच्या आत पिवळा, आणि ऐंशी किंवा वर निळा. याच नियमांत प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली आहे. तेव्हा धीर धरा. लहान मुलाचे प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते. मुदत कधी संपते ते वाचा, आणि त्याच्या आधी पुन्हा तपासणीला जा.

इथे आमची एक चूक सांगतो. त्या पोरीच्या बापाला आम्ही सांगितले होते, "भाऊ, एकदा नंदुरबारला चला, महिनाभरात काम होईल." तो बिचारा पोरीला खांद्यावर घेऊन निघाला. जीपने शहादा, तिथून एस.टी.ने नंदुरबार. एका कागदावर नाव वेगळे होते, म्हणून परत यावे लागले. दुसऱ्या खेपेला तपासणारे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. दोन दिवसांची मजुरी बुडाली, भाडे गेले. तो म्हणाला, "तुम्ही खोटं बोललात. मी आता येणार नाही."

त्याचे बरोबर होते. आम्ही आधी कागद तपासायला हवे होते. तपासणीचा वार विचारायला हवा होता. पुढे दिवाळी झाली आणि ते कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेले. होळीला परत आले, तेव्हा आम्ही पुन्हा त्यांच्या दारात गेलो. या वेळी आशाताई बरोबर आल्या. तिसऱ्या खेपेला काम झाले.

ती पोरगी बरी झाली का? नाही. खोटे सांगणार नाही. हा ताप-खोकला नव्हे, की गोळीने जाईल. पण दवाखान्यातल्या बाईंनी तिच्या आईला शिकवले, की एक काम लहान लहान तुकडे करून, रोज तसेच, न ओरडता शिकवायचे. आज ती मुलगी आपल्या हाताने जेवते. मोहाची फुले वेचते. दुपारी दोन तास शाळेत जाऊन बसते. दोरी सुटली आहे. नदीकडे ती अजून धावते, पण आता पाड्यावरची पोरे तिला ओळखतात आणि हात धरून परत आणतात.

लहान वयात कळले तर मुले आणखी पुष्कळ शिकतात. २०१३ सालापासून डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. त्या दिवशी मुलाला लपवू नका. पाहुणे आले म्हणून मागच्या दारी नेऊन बसवू नका. त्याच मुलाला सर्वांत पुढे बसवा.

आता शेवटचा प्रश्न. तो त्या आईनेच विचारला. "मी आहे तोवर ठीक. माझ्यामागं हिचं काय?"

मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत आईबाप त्याचे पालक असतात. पुढेही ज्याला स्वतःचे व्यवहार समजत नाहीत, त्याच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने सोय केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आम्ही असा एक तरुण पाहिला आहे, जो पोटापुरत्या भाकरीवर दुसऱ्यांची गुरे राखत होता. बापाच्या जमिनीत त्याचा वाटा होता. पण भावांनी म्हटले, "याला काय कळतंय?" आणि वाटणीत त्याला धरलेच नाही. मंडळी, समज कमी म्हणून वाटा कमी होत नाही. तुम्ही धडधाकट आहात तोवर उताऱ्यावर त्याचे नाव लावा, पालक कोण ते ठरवा. मेल्यावर भांडण लागले, तर तो बिचारा बोलूही शकणार नाही.

तुम्ही रात्रीच्या वर्गात लिहायला शिकलात. वहीत स्वतःचे नाव लिहिलेत, तेव्हा किती आनंद झाला होता, आठवा. आज घरी गेल्यावर त्याच वहीत आणखी एक नाव लिहा. ज्याला आपण खुळा म्हणून हाक मारतो, त्याचे खरे नाव लिहा. खाली त्याचे जन्मसाल लिहा. तिथून सुरुवात करू.

येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही शाळेच्या ओट्यावर बसणार आहोत. आधारकार्ड आणि रेशनकार्ड घेऊन या. कागद आम्ही आधी तपासू, मगच नंदुरबारला न्यायचा दिवस ठरवू. आणि येताना मुलालाही बरोबर आणा.