एकाच महिन्यातील दोन ठराव

1956 च्या नोव्हेंबरविषयी बोलताना सुवेझमध्ये संयुक्त राष्ट्रसंघ जिंकला आणि हंगेरीत हरला, असे आपण सहज म्हणून जातो. मला हे निदान अपुरे वाटते, कारण दोन्हीकडे त्याने जवळजवळ तेच केले होते. सुरक्षा परिषदेत एका प्रश्नावर ब्रिटन-फ्रान्सने नकाराधिकार वापरला, दुसऱ्यावर सोव्हिएत संघाने; म्हणून दोन्ही प्रश्न आमसभेच्या तातडीच्या अधिवेशनांपुढे आले. 2 नोव्हेंबरला इजिप्तमधील युद्ध थांबवा, हा ठराव 64 विरुद्ध 5 मतांनी मंजूर झाला. 4 नोव्हेंबरला पहाटे सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टवर चालून गेले आणि त्याच दिवशी, हंगेरीतून फौजा काढून घ्या, हा ठराव 50 विरुद्ध 8 मतांनी मंजूर झाला. मग एक ठराव मानला गेला आणि दुसरा धुडकावला गेला, तो का? ठराव ज्याला ऐकवायचा, त्याला कोणाची गरज होती, यात याचे उत्तर आहे. ब्रिटिश आणि फ्रेंच छत्रीधारी सैनिक 5 तारखेला पोर्ट सैदला उतरले, 6 तारखेला समुद्रमार्गे आणखी सैन्य आले आणि कालव्याचा बराचसा भाग हाती यायचा असतानाच त्या मध्यरात्री युद्ध थांबले. पौंड डळमळला होता, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत अमेरिकेच्या संमतीवाचून मिळणार नव्हती, आणि लढाई थांबल्याखेरीज अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर ती देणार नव्हते. मॉस्कोच्या गळ्याशी असा फास कोणाच्याच हातात नव्हता.

यावर म्हणतात, सुवेझचा भडका उडाला नसता तर हंगेरी वाचली असती. ब्रिटन-फ्रान्सने स्वतःच हल्ला केल्यामुळे त्यांच्या निषेधातला जोर गेला, हे खरेच आहे. पण इस्रायलने सिनाईवर चाल केली ती 29 ऑक्टोबरला. त्याआधीच, 27 ऑक्टोबरच्या भाषणात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पूर्व युरोपातील या देशांकडे आपण लष्करी मित्र म्हणून पाहत नाही, असे जाहीर करून टाकले होते. दुसरा आक्षेप असा, की सगळे डॉलरने केले तर राष्ट्रसंघ हवा कशाला? तो हवा होता माघारीची वाट काढून देण्यासाठी. कॅनडाच्या लेस्टर पिअर्सन यांनी सुचवलेली आंतरराष्ट्रीय सेना महिन्याच्या मध्यास इजिप्तमध्ये पोहोचू लागली. तीत भारतीय जवानही होते. तिच्या हाती जागा सोपवून निघणे ब्रिटन-फ्रान्सला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्यापुढे मान तुकवण्याहून सोपे होते.

आपल्या देशाचे वागणे मात्र मला खटकते. सुवेझवर भारत पहिल्यापासून ठाम बोलला. हंगेरीवर 4 तारखेला तो तटस्थ राहिला आणि 9 तारखेच्या ठरावाविरुद्ध त्याने मत दिले. त्या ठरावात राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली निवडणुकांची मागणी होती. काश्मीरबाबतही तशीच मागणी होईल, म्हणून आपल्याला ती अडचणीची वाटली, हे समजण्यासारखे आहे. पण त्या एका कलमाला हरकत नोंदवून आक्रमणाला आक्रमण म्हणता आले असते. भारताच्या बोलण्याने रणगाडे फिरले नसते, असे कोणी म्हणेल, तेही मान्य. तरी सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि क्रुश्चेव्ह वर्षभरापूर्वीच भारतभर फिरून आपली मैत्री मागून गेले होते. लंडनला डॉलर हवा होता, तशी मॉस्कोला आशियाची सदिच्छा हवी होती, आणि ती देणे-न देणे दिल्लीच्या हातात होते. हंगेरीचे पदच्युत पंतप्रधान इम्रे नॉज 22 नोव्हेंबरला सुरक्षिततेच्या हमीवर युगोस्लाव वकिलातीतून बाहेर पडताच पकडले गेले. त्यांना फाशी झाली जून 1958 मध्ये. मधल्या दीड वर्षात तरी या सदिच्छेची किंमत उघडपणे मागायला हवी होती.